सत्तेला चिमटा काढणारं गाणं : गिरणगाव ते पावणे

ठाणे-बेलापूर रस्त्यावरचं पावणे हे मूळचं आगरी वस्तीचं गाव. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी यांवर हा सगळा पट्टा जगत होता. १९६० च्या दशकात एमआयडीसीनं टीटीसी औद्योगिक क्षेत्रासाठी इथल्या जमिनी घ्यायला सुरुवात केली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीच्या या बाजूला नवी मुंबई उभी राहू लागली. आज पावणे गावठाणाला कारखान्यांनी आणि गोदामांनी वेढलं आहे. जमीन गेलेला शेतकरी, कंत्राटावरचा कामगार, भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर आणि निवडणूक आली की दारी येणारा पुढारी, असा उपरोधाच्या गाण्याला लागणारा सगळा ऐवज इथे आहे. नाही तो गाणारा माणूस. लोकांसमोर उभं राहून, त्यांच्याच बोलीत, त्यांच्या मालकाची आणि मंत्र्याची हजेरी घेणारा कलावंत इथल्या कामगाराच्या रोजच्या आयुष्यात उरलेला नाही.

खाडीपलीकडे, परळ-लालबागच्या गिरणगावात, ऐंशी वर्षांपूर्वी तो होता. स्वतः लिहीत होता, स्वतः गात होता, स्वतः सोंग घेत होता, आणि चाळीच्या पटांगणात त्याच्यासाठी हजारोंनी माणसं बसत होती. मराठीत ही परंपरा कशी घडली, कुणी पेलली, कशामुळे क्षीण झाली आणि आज तिचं काय शिल्लक आहे, याचा हा आढावा.

पॅरिसमध्ये काय घडलं

अशा कलावंताचा जगातला सर्वांत गाजलेला नमुना फ्रान्सचा. पियेर-जाँ द बेरांजे (१७८० ते १८५७) यांनी राजाची आणि धर्मपीठाची टर उडवणारी गाणी लिहिली आणि त्यापायी १८२१ व १८२८ अशी दोनदा शिक्षा भोगली. दुसऱ्या खेपेला नऊ महिन्यांच्या कैदेसोबत दहा हजार फ्रँकचा दंडही झाला. पुढे १८८१ मध्ये रोदोल्फ सालिस यांनी पॅरिसच्या मोंमार्त्र वस्तीत ‘शा न्वार’ हे कॅबरे सुरू केलं. कवी, चित्रकार आणि गायक तिथे एकत्र जमत. तिथेच पुढे आलेले आरिस्तिद ब्रुआँ (१८५१ ते १९२५) झोपडपट्टीतल्या, तुरुंगातल्या, फुटपाथवरच्या माणसांची गाणी त्यांच्याच रांगड्या बोलीत गात. १८८५ मध्ये ‘शा न्वार’नं जागा बदलली, तेव्हा ब्रुआँनी त्याच जुन्या जागेत स्वतःचं कॅबरे काढलं. काळा झगा आणि लाल गळपट्टा यांतली त्यांची छबी चित्रकार तुलूझ-लोत्रेक यांच्या भित्तिचित्रांमुळे जगभर पोचली.

ब्रुआँच्या गाण्यात गरीब होता, पण समोरच्या खुर्चीत बसायचा तो श्रीमंत. आलेल्या गिऱ्हाइकाला ब्रुआँ तोंडावर शिव्या देत आणि त्या ऐकायला धनिक पैसे मोजत. त्या पैशावर ब्रुआँ शेवटी गावाकडे वाडा घेऊन स्थायिक झाले. मराठी परंपरा याच्या नेमकी उलटी आहे. इथे गाणं ज्याच्याविषयी, तोच समोर जमिनीवर बसलेला असे, आणि गाणारा त्याच्याच चाळीत राहत असे. या फरकानं आपल्या शाहिरांना मोठं केलं आणि याच फरकानं त्यांना दरिद्रीही ठेवलं.

साचा तमाशाचा

मराठी उपरोधाला साचा मिळाला तो तमाशातून. पेशवाईच्या उत्तरकाळात अनंत फंदी, राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ हे शाहीर लावण्या आणि पोवाडे रचत होते. अनंत फंदींनी फटक्यातून व्यवहाराच्या चार गोष्टी रोखठोक सुनावल्या. १८६५ च्या सुमारास उमाजी-बाबाजी सावळजकर यांनी ‘मोहना बटाव’ हा वग रचला आणि तमाशात कथानक आलं. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग असा क्रम पक्का झाला.

यातली बतावणी आणि वगातला सोंगाड्या या दोन जागा उपरोधाच्या. तिथे संहिता सैल असते. ज्या गावात खेळ असेल तिथला पाटील, तलाठी, सावकार यांचं नाव न घेता सोंगाड्या त्यांना चिमटा काढतो, आणि प्रेक्षकांना कोण ते नेमकं कळतं. गवळणीतली मावशी आणि पेंद्या देवाधर्माच्या कथेत गावचं राजकारण आणतात. ढोलकी, हलगी, तुणतुणं, मंजिरी आणि मागे झील धरणारे झीलकरी एवढ्या सामग्रीवर हा सगळा डोलारा उभा असे. पडदा नको, नेपथ्य नको. चार खांब आणि एक दिवटी असली तरी खेळ होई. म्हणूनच पुढे कामगारांच्या चळवळीला हा साचा उचलून घेता आला.

फडात बहुतेक माणसं महार, मांग, कोल्हाटी या जातींची. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव (१८६६ ते १९४५), ब्राह्मण घर सोडून तमाशात आले. तमाशा कलावंत पवळाबाईंसोबत त्यांनी जे फड गाजवले, त्यानं तमाशाला शहरात मोठा प्रेक्षक मिळाला. मुंबईच्या वैभवाचं वर्णन करणारी त्यांची लावणी प्रसिद्ध आहे. त्याच वाळवा तालुक्यातल्या आणखी एका शाहिरानं पुढे मुंबईवर दुसरी लावणी लिहिली. तिच्याकडे येण्याआधी जलशांचा टप्पा पाहायला हवा.

जलसे : देवाऐवजी माणूस

महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याचा विचार गावोगाव नेण्यासाठी कार्यकर्त्यांनी तमाशाचाच साचा घेतला आणि त्यातला आशय बदलला. शृंगार गेला, गणात निर्मिकाची स्तुती आली. वगात पौराणिक राजाऐवजी कर्जात बुडालेला शेतकरी, त्याला नाडणारा सावकार आणि फसवणारा भट दिसू लागला. निरक्षर माणसाला वर्तमानपत्र वाचता येत नसे. जलसा त्याला रात्रभर बसून ऐकता येई.

१९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक हे त्यांतले अग्रणी. पाणवठा, मंदिरप्रवेश, महारकी वतन, शिक्षण हे विषय या जलशांनी हसवत आणि डिवचत मांडले. त्याच जिल्ह्यातले वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) पुढे आयुष्यभर गावोगाव फिरले आणि त्यांनी हजारो गाणी रचली. आज आंबेडकरी वस्त्यांमध्ये जी गाण्याची परंपरा टिकून आहे ती या जलशांची वारस आहे. इतर परंपरा आटल्या तिथे ही टिकली, कारण तिच्या मागे १४ एप्रिलपासून ६ डिसेंबरपर्यंतचं स्वतःचं वार्षिक चक्र आहे, वस्तीवर्गणी आहे आणि ऐकणारा समाज एकत्र राहतो आहे.

अण्णाभाऊ साठे

या सगळ्या प्रवाहांचा संगम ज्या एका माणसात झाला ते अण्णाभाऊ. मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, तालुका वाळवा, जिल्हा सांगली. मांग समाजात, गुन्हेगार ठरवलेल्या जमातीच्या शिक्क्याखाली ते वाढले. शाळेचा संबंध जवळपास आलाच नाही. वडिलांसोबत पायी चालत ते मुंबईला आले आणि पडेल ते काम करत गिरणीत लागले. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात त्यांनी काम केलं होतं, त्यामुळे ढोलकीची लय, सोंगाड्याची वेळ साधण्याची हातोटी आणि गर्दीची नाडी हे शिक्षण त्यांच्याकडे होतं. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये कम्युनिस्ट चळवळीशी त्यांची गाठ पडली आणि त्या शिक्षणाला विषय मिळाला.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. मराठी पोवाड्यात तोवर किल्ले आणि सरदार होते. इथे परक्या देशातलं शहर वाचवणारे सामान्य सैनिक आणि कामगार नायक झाले. १९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक सुरू केलं. पुढच्या पाच-सहा वर्षांत या पथकानं मुंबईच्या गिरणगावात आणि महाराष्ट्राच्या खेड्यांत जे केलं, त्याला मराठी रंगभूमीच्या इतिहासात जोड नाही.

अण्णाभाऊंच्या वगांची नावं पाहिली तरी रोख कळतो. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘बेकायदेशीर’, ‘पुढारी मिळाला’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘माझी मुंबई’, ‘मूक मिरवणूक’. युद्धकाळात धान्याची टंचाई होती, काळाबाजार बोकाळला होता आणि साठेबाज स्वतःला देशभक्त म्हणवत होते. ‘देशभक्त घोटाळे’मध्ये त्या देशभक्तीचा बुरखा फाटला. १९४६ च्या निवडणुकीत पैसेवाले उमेदवार मतं मागत होते तेव्हा ‘शेटजींचे इलेक्शन’ रंगलं. मंत्र्याच्या दौऱ्यासाठी गावात चालणारी धावपळ ‘लोकमंत्र्यांचा दौरा’नं उघडी पाडली. प्रेक्षकांना आदल्या दिवशी जे सोसावं लागलं, ते दुसऱ्या दिवशी मंचावर येई. बातमी, टीका आणि करमणूक या तिन्ही गरजा एकाच खेळात भागत.

तमाशाच्या साच्यात त्यांनी केलेले बदल बारकाईनं पाहण्यासारखे आहेत. गणात गणपतीऐवजी मातृभूमी, शिवराय आणि कष्टकरी यांना वंदन आलं. कृष्ण आणि राधेची गवळण गेली. दासी म्हणून येणारी स्त्री गेली आणि हक्कानं बोलणारी कामगार स्त्री आली. राजाच्या जागी शेठ, प्रधानाच्या जागी मुनीम किंवा पुढारी आला. सोंगाड्या मात्र राहिला, किंबहुना तोच नायक झाला. कारण शहाणपणाचा आव आणणाऱ्याला अडाणी माणसानं साध्या प्रश्नांनी अडवणं हे तमाशाचं जुनं बलस्थान होतं. अण्णाभाऊंनी त्या अडाणी माणसाच्या अंगावर गिरणी कामगाराचे कपडे चढवले.

त्यांची मुंबईची लावणी बापूरावांच्या लावणीशेजारी ठेवून वाचावी. एकाच तालुक्यातून आलेले दोन शाहीर, एकच शहर, एकच रचनाप्रकार. बापूरावांना दिपवणारं शहर दिसलं. अण्णाभाऊंना मलबार हिल आणि परळ यांतलं अंतर दिसलं, नाक्यावर झोपणारे, रोगानं खंगणारे, कामासाठी रांगेत उभे असलेले दिसले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी लिहिलेली ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड तर विरहगीताच्या घाटातलं राजकीय गाणं आहे. मुंबईला पोटासाठी आलेला गडी गावी राहिलेल्या प्रियेसाठी तळमळतो. ऐकणाऱ्या प्रत्येक गिरणी कामगाराचा तो स्वतःचा अनुभव होता. मग तीच ताटातूट हळूहळू बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांच्या ताटातुटीत मिसळते. भाषावार प्रांतरचनेसारखा कागदी विषय घराच्या दुःखाइतका जवळ आणणं हे थोर कवीचं काम आहे.

१९४९ मध्ये ते इप्टा या देशव्यापी नाट्यसंघटनेचे अध्यक्ष झाले. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. १९५९ मध्ये आलेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली, आणि तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले. घाटकोपरच्या चिरागनगरमधल्या झोपडीत बसून त्यांनी बहुतेक लेखन केलं. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, पण हाती पैसा राहिला नाही. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात, वयाची एकोणपन्नास वर्षं पूर्ण होण्याआधीच, ते गेले.

सोबती आणि सरकार

लाल बावटा पथकाचा आवाज अमर शेख यांचा. जन्म १९१६, बार्शी, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांनी गाडीवर क्लीनर म्हणून आणि गिरणीत काम केलं होतं, तुरुंगही पाहिला होता. ध्वनिक्षेपक नसला तरी मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज ऐकलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. गव्हाणकरांनी पोवाडे आणि वग लिहिले, पथकाच्या उभारणीत त्यांचा वाटा तिसऱ्या खांबासारखा होता. अमर शेख २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघातात गेले. अण्णाभाऊंनंतर दीड महिन्याच्या आत दुसरा आवाजही थांबला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. तमासगीरांवर उपासमारीची वेळ आली आणि राजकीय वग करणाऱ्यांवरही तेच जाळं पडलं. त्यातून वाट काढताना ‘लोकनाट्य’ हे नाव पुढे आलं. बंदी उठली तरी संहिता तपासून घेण्याची पद्धत राहिली. इंग्रजांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा केला होता तो राजद्रोही नाटकांना धाक बसावा म्हणून. स्वतंत्र महाराष्ट्रातही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागत राहिलं. अमोल पालेकर यांनी या पूर्वतपासणीला २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ऐन वेळी सुचलेल्या वाक्यावर जगणाऱ्या वगाला आधी लिहून, मग मंजूर करून घ्या असं सांगणं म्हणजे त्याचा प्राणच काढून घेणं आहे.

दुसरी फळी : सेवादल, साबळे, कोंडके

कम्युनिस्टांच्या शेजारी समाजवाद्यांचं राष्ट्र सेवा दल कलापथक उभं होतं. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांनी ते चालवलं. पु. ल. देशपांडे यांचं ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य याच वातावरणातलं. निळू फुले आणि राम नगरकर सेवादलाच्या पथकातूनच घडले. शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’मधून निळूभाऊ महाराष्ट्राला माहीत झाले. दादू इंदुरीकरांनी ‘गाढवाचं लग्न’ अजरामर केलं आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार तमाशाच्या घरात आणला.

१९६५ मध्ये वसंत सबनीस यांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आलं. त्यातले दादा कोंडके हे नायगावचे, गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेले. त्यांच्या तोंडी रोज नवा राजकीय चिमटा असे, आणि कालच्या बातमीवरचं आजचं वाक्य ऐकायला तेच प्रेक्षक पुन्हा पुन्हा येत. पण दादांचा खेळ तिकिटावरचा, नाट्यगृहातला होता. पटांगणातला फुकट प्रेक्षक आणि खुर्चीतला तिकीट काढणारा प्रेक्षक यांच्या मागण्या वेगळ्या. १९७१ च्या ‘सोंगाड्या’नंतर दादा चित्रपटात रमले आणि उपरोधाची धार द्व्यर्थी विनोदाकडे वळली. लोकप्रियतेत ते सर्वांच्या पुढे गेले, पण अण्णाभाऊंच्या वगांतला विचार त्यात उरला नाही.

शाहीर साबळे (१९२३ ते २०१५) वाईजवळच्या पसरणीचे. १९६० च्या ‘यमराज्यात एक रात्र’पासून त्यांनी मुक्तनाट्याचा प्रकार रुजवला. १९६६ च्या ‘आंधळं दळतंय’मध्ये मुंबईत मागे पडत चाललेल्या मराठी माणसाची व्यथा होती. त्याच वर्षी शिवसेनेची स्थापना झाली, आणि या प्रयोगांनी त्या वातावरणाला खतपाणी घातलं हे सर्वश्रुत आहे. पुढे साबळेंनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’ घेऊन लोककलांचं भव्य दर्शन घडवलं. राजा बढे यांचं, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेलं आणि साबळेंनी गायलेलं गीत २०२३ मध्ये राज्यगीत झालं. मात्र लोककला जसजशी दर्शनीय होत गेली तसतशी ती निरुपद्रवीही होत गेली. फेटे, नऊवारी आणि ढोलकी राहिली. कालच्या बातमीवर बोलणारा सोंगाड्या मात्र कार्यक्रमपत्रिकेतून गळाला.

या सगळ्या इतिहासात बाईच्या हाती शब्द फार उशिरा आले. फडात ती नाचली, गायली, फड तिच्या नावावर चालले, पण वग आणि बतावणी लिहिली पुरुषांनी. आगरी लग्नांत धवलारीण विधी पुढे नेत गाते, आणि विहिणीची फिरकी घेणारी लग्नगीतं तर महाराष्ट्रभर बायकांनीच रचली. सत्तेवर बोलणारी स्त्री शाहीर मात्र अगदी अलीकडची. शीतल साठे हे त्यातलं ठळक नाव.

गिरण्या बंद झाल्या तेव्हा

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. पुढच्या दोन दशकांत गिरण्या गेल्या आणि त्यांच्यासोबत शाहिराचा प्रेक्षक गेला. परळचं कामगार मैदान, नरे पार्क, वरळीचं जांबोरी मैदान राहिलं, पण पाळी सुटल्यावर तिथे येणारा माणूस डोंबिवली, विरार, कळवा, घणसोली, कोपरखैरणे असा पांगला. लालबागचं हनुमान थिएटर तमाशाचं मुंबईतलं हक्काचं घर होतं. तेही मिटलं.

यानंतरचे शाहीर वस्तीतले. विलास घोगरे मुलुंडचे, आव्हान नाट्य मंचाचे गायक. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात त्यांचं गाणं आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. १५ जुलैला विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. पटवर्धनांनी त्यानंतर चौदा वर्षं खपून ‘जय भीम कॉम्रेड’ केला. दलित शाहिरीचा एवढा मोठा दृश्य दस्तऐवज दुसरा नाही. संभाजी भगत यांनी गाणं आणि उपरोधिक निवेदन यांची सांगड घालून नवा प्रयोग उभा केला, आणि ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’मधून तो नाट्यगृहात नेला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटातला नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर याच मातीतला. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं आत्महत्या केली, हा त्याच्यावरचा आरोप. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पडद्याबाहेरही खटले चालूच होते. कबीर कला मंचाच्या कलावंतांवर माओवादी संबंधांचे आरोप ठेवले गेले. मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केलं. माळी आणि त्यांचे दोन सहकारी सर्वोच्च न्यायालयातून जामिनावर सुटायला २०१७ उजाडलं. आरोपांचा निवाडा न्यायालयानं करावा. पण निवाड्याआधी गेलेली वर्षं कुणी परत देत नाही, आणि ती शिक्षा पाहणाऱ्या प्रत्येक नव्या गायकाला पोचते.

प्रेक्षक खाडी ओलांडून आला, मंच आला नाही

आता पुन्हा पावणे. मुंबईतला कामगार मोडला आणि काही अंशी तो इथेच आला. १९८० नंतर टप्प्याटप्प्यानं मुंबईचे घाऊक बाजार मस्जिद बंदर, भायखळ्याहून वाशी-तुर्भ्यात आले. त्यांच्यासोबत माल वाहणारे माथाडी आले. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यानं १९६९ चा माथाडी कायदा मिळवून दिला होता. हे माथाडी बहुतांश सातारा, सांगली, पुण्याच्या डोंगराळ भागातले, म्हणजे अण्णाभाऊंच्या आणि साबळेंच्या मुलखातले. पावणे, रबाळे, महापे, तुर्भे इथल्या कारखान्यांत आगरी तरुण आहेत, घाटावरचे आहेत, मराठवाड्यातले आहेत, उत्तरेतले आहेत. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या लढ्यात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. आंदोलनाची एवढी मोठी स्मृती असलेला हा पट्टा आहे. तरी गिरणगावासारखं गाणं इथून उठलं नाही.

याची कारणं कलावंतांच्या गुणवत्तेत शोधू नयेत. गिरणी कामगार एकाच गिरणीत वर्षानुवर्षं राबे, एकाच चाळीत राहे, एकाच युनियनची वर्गणी भरे. एका वगातलं शेठजीचं सोंग पाहून हजार माणसं एकदम हसत, कारण तो शेठ सगळ्यांना एकच दिसे. कंत्राटी कामगाराचा मालक कोण, हेच त्याला अनेकदा ठाऊक नसतं. ठेकेदार बदलतो, कंपनी बदलते, पाळी बारा तासांची होते, आणि शेजारच्या खोलीत राहणारा दुसरीच भाषा बोलतो. युनियन दुबळी, म्हणून कलापथक नाही. नियोजित शहरात सेक्टर आखले गेले, वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह झालं, पण कारखान्याच्या फाटकाबाहेर माणसांनी टेकावं, जमावं, ऐकावं अशी जागा कुणी आखली नाही.

उपरोधाचं गाणं याच काळात मोबाइलवर गेलं. मराठी रॅपमध्ये जुन्या फटक्याची तिखट चाल ऐकू येते. त्याची किंमतही जुनीच आहे. २०२३ मध्ये राज्यातल्या राजकीय घडामोडींवर गाणाऱ्या दोन तरुण रॅपरांवर गुन्हे दाखल झाले. मार्च २०२५ मध्ये एका विनोदकारानं हिंदीत केलेल्या विडंबनगीतावरून खारमधल्या कार्यक्रमाच्या जागेची तोडफोड झाली. मोबाइलवरचं गाणं लाखोंपर्यंत जातं हे खरं. पण ऐकणारा एकटा असतो. शेजारचाही याच वाक्याला हसला, ही जाणीव पटांगणात मिळते, आणि भीती तिथेच कमी होते. गाणाऱ्यालाही तिथे पाठीशी माणसं असतात. पडद्यावर गाणाऱ्याच्या दारात पोलीस येतात तेव्हा त्याचे श्रोते आपापल्या घरी असतात.

निष्कर्ष आणि एक मागणं

बेरांजे, अण्णाभाऊ आणि विलास घोगरे यांच्या आयुष्यांतून एकच गोष्ट दिसते. सत्तेची हजेरी घेणारा गायक हवा असेल तर एकत्र राहणारा श्रोता, त्याला जमायला जागा आणि गायकाला सांभाळणारी संघटना लागते. मराठी मुलखात हे तिन्ही १९४० ते १९६० या दोन दशकांत जुळून आलं होतं. प्रतिभा आजही आहे. मोडली आहे ती व्यवस्था.

आपण मात्र स्मारकांवर समाधान मानलं. अण्णाभाऊंचं टपाल तिकीट २००२ मध्ये निघालं, सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. याचा आनंदच आहे. पण ज्यांच्यासाठी त्यांनी वग लिहिले त्या कामगारांपैकी किती जणांनी त्यांचा एखादा वग उभा राहिलेला पाहिला आहे? १ ऑगस्टला मिरवणूक निघते, हार पडतात, भाषणं होतात. वगाचा प्रयोग क्वचितच होतो.

म्हणून मागणं साधं आहे. युनियननी, माथाडींच्या संघटनेनं, पावणे आणि आसपासच्या गावांतल्या मंडळांनी आपल्या वार्षिक खर्चातला थोडा भाग एका वगासाठी राखावा. कामगार कल्याण मंडळ नाट्यस्पर्धा घेतं, त्यांत पटांगणातल्या वगाला वेगळं स्थान द्यावं. महानगरपालिकेनं आणि एमआयडीसीनं औद्योगिक क्षेत्रात एक मोकळा कट्टा बांधावा. राज्य शासनानं संहितेची पूर्वतपासणी संपवावी. नवी मुंबईच्या महाविद्यालयांनी म्हाताऱ्या शाहिरांचे आणि धवलारणींचे आवाज वेळेत नोंदवून घ्यावेत. हे कुणी करेल याची वाट न पाहता येत्या १ ऑगस्टला ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ किंवा ‘शेटजींचे इलेक्शन’ गावच्या मैदानात उभं करा. ढोलकीवाला मिळेल, सोंगाड्या तर प्रत्येक पाळीत एक असतोच. शेठ आणि मंत्री यांची आजची नावं प्रेक्षक आपणहून ओळखतील.